सांदीतला देव

त्या चर्चचा माइक हा मंडळीतला सगळ्यात हट्टी सभासद होता. मनात येईल तेव्हा बोलायचा, मनात येईल तेव्हा गप्प बसायचा, आणि मधेच घसा खाकरल्यासारखं खर्रर्र करून समोरच्याचं अर्धं वाक्य गिळून टाकायचा. आधीच्या पाळकांना त्याची फिकीर नव्हती. त्यांचा आवाजच असा की रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा चपापून उभा राही. नवे पाळक मात्र तरुण, अंगानं किरकोळ, कोट कायम खांद्यावरून घसरणारा, आणि बोलणं तर सायीसारखं मऊ. त्यात त्यांचं शिक्षण मोठमोठ्या पुस्तकांतून झालेलं. आपण 'रोज' म्हणू तिथं ते 'दैनंदिन' म्हणत, आपण 'जवळ' म्हणू तिथं 'सान्निध्यात'. मऊ आवाज, जड शब्द आणि हट्टी माइक. हे तिघे एकत्र आले की मागच्या बाकांपर्यंत काय पोचेल, ते एका देवालाच ठाऊक.

त्या रविवारी नवी मागच्याच एका बाकावर, भिंतीकडेला बसली होती.

आता नवी म्हणजे कुणी कोवळी पोर नव्हे हं. केस पिकलेले, गुडघे जिना दिसला की कुरकुरायला लागणारे. पण लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवशी थोरल्या नणंदेनं तिला हाक मारली, "ए नवे, आत ये की, दारात काय उभी?" आणि ती हाक जी अंगाला चिकटली ती चिकटलीच. घरातल्या भिंती जुन्या झाल्या, भांडी जुनी झाली, ती मात्र नवीच राहिली. नणंदेला ती वन्सं म्हणे. वन्सं लग्नाच्या भानगडीत कधी पडल्याच नाहीत. धाकट्या भावाच्या घरी राहिल्या आणि भावाच्याच दुकानात मशीन चालवली.

बाकाच्या त्या टोकाला वन्सं, या टोकाला नवी, आणि दोघींच्या मधे एका माणसाची जागा मोकळी. थंडीच्या दिवसांत नवीचा नवरा छातीत कळ येऊन गेला. भरल्या घरातून उठून दुकानात जावं, तितक्या सहज गेला. तेव्हापासून दोघी चर्चला येत, आपापल्या ठरल्या जागी बसत, आणि मधल्या जागेत कुणी सरकत नसे. गाण्याचं पुस्तक सुद्धा त्या जागेवर कुणी ठेवत नसे.

"आपण देवाला लांबच्या नातेवाइकासारखं वागवतो," पाळक सांगत होते. "आठवड्यातून एकदा चांगले कपडे घालून भेटायला जायचं, चार गोड शब्द बोलायचे, आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं की सुटलो. पण तो इथं थांबत नाही. तुमच्या पाठोपाठ तो पायऱ्या उतरतो. तुम्ही भांडी घासता, दुकान उघडता, आजाऱ्याची चादर बदलता, तेव्हा तो तिथंच असतो. बंधुभगिनींनो, हे विसरू नका. आपला देव सां—"

खर्रर्र, केलं माइकनं.

"—त राहतो."

नवीच्या कानावर जे पडलं ते असं पडलं: आपला देव सांदीत राहतो.

ती ताठ बसली. पाळकांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, माइकनं ते पुन्हा चावलं, आणि नवीनं पुन्हा तेच ऐकलं. सांदीत. देव आकाशात राहतो हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. अंतःकरणात राहतो हेही ऐकलं होतं, पण अलीकडे तिथं डोकावलं की नुसतं सामसूम असायचं. नवरा गेल्यापासून ती प्रार्थनेला बसे तेव्हा रिकाम्या घराची कडी वाजवल्यासारखं वाटे. पण सांदीत? हे तर कुणी सांगितलंच नव्हतं! आणि सांद म्हणजे तर तिच्या पोटापाण्याची ओळख.

कारण नवीचं दुकान सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. जुने कोच येतात, फाटके, दबलेले, स्प्रिंगा बाहेर आलेले. जाताना पाहुण्यांसमोर मिरवण्याजोगे होऊन जातात. नवी कापड कापे, नवरा लाकूड नि स्प्रिंगा बघे, आणि वन्सं जाड कापडाच्या मशीनवर शिवण घालत. कापड चौकटीला ठोकायला जे बारीक खिळे लागतात त्यांना चुका म्हणतात. जुनं कापड उतरवायचं तर आधी त्या एकेक करून उपसायच्या. नवऱ्याचा त्यावरून नेहमीचा विनोद. गिऱ्हाईक आलं की दोघींकडे बोट दाखवून म्हणे, "माझ्या घरात चुका काढायला दोन बायका आहेत. एकीच्या राहिल्या तर दुसरी काढते."

आणि त्याचा एक नियम होता. कोच दुकानात आला की कात्री लावायच्या आधी बैठक आणि पाठ यांच्या मधल्या फटीत, सांदीत, हात घालायचा. जे सापडेल ते काढून पत्र्याच्या वाडग्यात ठेवायचं आणि काम झालं की कोचाबरोबर परत करायचं. काय काय निघे! कंगव्याचे तुकडे, बटणं, चमचे, खेळण्यातल्या मोटारीचं चाक, एकदा तर अख्खी कवळी. "लोक म्हणतात हरवलं," नवरा म्हणे. "हरवत काही नाही. आपण बसतो ना, त्याच्या जरासं खाली जाऊन पडलेलं असतं."

चर्चमधून घरी येताना नवीच्या डोक्यात हेच घोळत होतं. वन्सं दोन पावलं पुढं चालत होत्या. त्यांना काही विचारावं, सांगावं, असं नवीला फार वाटलं. पण त्या दोघींचं बोलणं सध्या कामापुरतं उरलं होतं, आणि त्याला कारण होतं.

कारण असं की वन्सं चालल्या होत्या. कायमच्या.

दूरच्या गावी त्यांची मावसबहीण एकटी राहत होती, तिनं बोलावलं होतं. हे त्यांनी एका दुपारी मशीन थांबवून, सुईकडे बघत सांगितलं. "या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारची गाडी आहे. धाकटा होता तोवर मी भावाच्या घरी होते, नवे. आता भावजयीच्या घरी आहे. फरक असतो."

त्या वेळी नवी एका खुर्चीला कापड ताणून ठोकत होती. हात मोकळा राहावा म्हणून या धंद्यात चुका ओठांत धरतात, तशा तिनं धरल्या होत्या. तिला ओरडून म्हणायचं होतं, जाऊ नका. म्हणायचं होतं, फरक कसला डोंबलाचा, तुम्हीच मला दारातून आत घेतलंत. तिनं ओठांतल्या चुका तळहातावर काढल्या, आणि त्यांच्याहून मोठी चूक तोंडातून निघून गेली.

"तुमची मर्जी," ती म्हणाली.

दोनच शब्द. पण वन्संनी ते असे घेतले जसं कुणी आपल्याच सामानाची पिशवी आपल्या हातात आणून द्यावी. मान हलवली नि मशीन सुरू केली. त्यानंतर नवीला ते शब्द परत घ्यायला जागाच सापडेना. चहाच्या वेळी घ्यावेत तर वन्सं वर्तमानपत्रात, रात्री जेवल्यावर घ्यावेत तर त्या कपड्यांच्या घड्या करतायत. आणि अभिमान तरी किती आडवा यावा माणसाच्या! नवीला वाटे, माझ्या एका शब्दानं थांबणार असतील तर इतकी वर्षं कशानं थांबल्या होत्या? आणि वन्संना वाटत असणार, थांब म्हणायला हिची जीभ झिजते का?

सोमवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची आली. नवीनं सवयीनं सांदीत हात घातला. केस, केस आणि केस. एक मोडका कंगवा. तिनं हात लगेच बाहेर काढला नाही. इकडंतिकडं पाहिलं आणि मनातल्या मनात विचारलं, आहेस का?

उत्तर आलं नाही. पण प्रश्न विचारताना पूर्वीसारखं रिकाम्या घराची कडी वाजवल्यासारखंही वाटलं नाही. आत कुणी असेल, हातातलं काम टाकून येत असेल, इतपत वाटलं.

"काय गं," मशीनवरून वन्सं म्हणाल्या, "हात अडकला की काय?"

"नाही."

"मग खुर्चीला भविष्य विचारतेयस?"

नवीनं हात काढला आणि कंगवा वाडग्यात टाकला. पण तिला नाद लागला तो लागलाच. प्रत्येक सांदीत हात घालताना ती विचारी, आहेस का? दाताच्या डॉक्टरकडचा बाक आला, त्याच्या फटीतून टॉफीचे कागद निघाले, मूठभर. नवीला हसू फुटलं. दात किडले म्हणून तिथं बसलेली माणसं, आणि बसल्या बसल्या चोरून टॉफी खातायत! हसता हसता तिच्या मनात आलं, हे तू पाहिलंस ना रे, एकेकाला टॉफी सोलताना? पाहून हसलासच असशील. आणि तिला अगदी स्पष्ट वाटलं, की आत्ता या खोलीत हसणारी आपण एकटी नाही.

मग हळूहळू तिला कळलं, की सांद काही सोफ्यालाच असते असं नाही. दूध वर येऊ लागतं आणि आपण गॅस बंद करतो, त्यांच्यामधे एक सांद असते. जाग येते आणि कोण गेलंय ते आठवतं, त्यांच्यामधे एक असते, अगदी अरुंद. एक चूक ठोकून झाली आणि दुसरी ओठांतून काढायची, त्यांच्यामधेही असते. दिवस म्हणजे काय, अशा फटीच फटी. इतकी वर्षं ती त्यांच्यावरून उड्या मारत चालली होती. आता ती थांबून, वाकून बघू लागली. कधी काही नसे. कधी नुसती ऊब असे, कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

आठवडा सरत आला तेव्हा मास्तर आले. निवृत्त माणूस, बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांचा दोघांनी बसायचा जुना कोच नवीनं आदल्या दिवशी उघडला होता, आणि कापडाचा रंग ठरवायला ते आले होते. नवीनं वाडगा पुढं केला. "तुमच्या सांदीतलं."

वाडग्यात दोन बटणं होती आणि एक क्रोशाची सुई. मास्तरांनी सुई उचलली आणि बघतच राहिले.

"ही?" ते म्हणाले. "ही तुमच्याकडं कशी आली?"

"तुमच्याच कोचात होती."

"अहो, हिच्यावरून आमच्याकडं महाभारत झालं होतं!" मास्तरांचा आवाज चढला. "ती म्हणाली, तुम्हीच फेकलीत, तुम्हाला माझं विणकाम डोळ्यांत खुपतं. मी म्हटलं, मी हात लावला नाही. आमचा अबोला झाला, चांगला लांबलचक. मग ती नवी सुई घेऊन आली, पण मला विसरू दिलं नाही. कुणी पाहुणा आला की सांगायची, जपून हं, आमचे हे सुया फेकतात."

ते उघड्या पडलेल्या कोचाजवळ गेले. कापड नव्हतं, नुसता काथ्या आणि स्प्रिंगा. बायको बसायची त्या डाव्या बाजूसमोर उभं राहून त्यांनी सुई वर धरली. "बघ," ते म्हणाले, अगदी हळू, पण भांडणाच्याच सुरात. "बघ. मी नव्हती फेकली."

मशीन थांबली होती. वन्संचा पाय पायडलवरून उचललेला तसाच अधांतरी राहिला होता. आणि नवीला आत, फासळ्यांच्या खाली कुठंतरी, ठाऊक झालं, की मास्तर रिकाम्या बाजूशी बोलत नाहीयेत. कुणीतरी ऐकतंय. कुणीतरी ती सुई इतके दिवस सांभाळून ठेवली होती.

मास्तर गेल्यावर वन्संनी चष्मा काढून पदरानं बराच वेळ पुसला. नवी जागची उठली. आता, तिनं स्वतःला सांगितलं. आता म्हण. पण दोघींच्या मधे होतं ते बुटकं स्टूल.

ते नवऱ्याचं. इकडे नवीचं कापायचं टेबल, तिकडे वन्संची मशीन, आणि मधे त्याचं स्टूल, तिथं बसून तो स्प्रिंगा बांधी. तो गेल्यापासून ते कुणी हलवलं नव्हतं नि त्यावर कुणी बसलंही नव्हतं. दोघी त्याला वळसा घालून ये-जा करत. नवी स्टुलापर्यंत आली आणि थबकली. जगातल्या सगळ्या फटींत हात घालायचं धाडस तिनं केलं होतं. या एका जागेत तिचा हात जाईना.

"दाभण कुठं ठेवलंस?" वन्संनी विचारलं.

"टेबलावर," म्हणून नवी मागं फिरली.

शनिवारी दिवेलागणीला पाळक आले. प्रवासाला निघणाऱ्या माणसासाठी घरी येऊन प्रार्थना करायची त्यांची पद्धत होती. दारातूनच त्यांनी कोट सावरला आणि समोरच्या कोचावर बसायला वाकले.

"अहो अहो, तिथं नको!" दोघी एकदम ओरडल्या. "स्प्रिंग आहे!"

पाळक उडालेच. इकडंतिकडं बघून त्यांनी हाताशी आलेलं स्टूल ओढलं आणि दोघींच्या मधोमध त्यावर टेकले.

वन्संच्या हातातला गोट, कडेला लावायची ती गोल पट्टी, जमिनीवर पडला. पण स्टूल मोडलं नाही, छत कोसळलं नाही. एक किरकोळ, भला माणूस त्यावर गुडघे जुळवून बसला होता इतकंच.

"उद्याच्या उपासनेला असालच ना?" त्यांनी वन्संना विचारलं.

"असेन की. सोमवारी निघायचं."

"मंडळीला तुमची उणीव भासेल."

"भासू दे थोडी," वन्सं म्हणाल्या. "तेवढाच मान."

पाळक हसले आणि नवीकडं वळले. "आणि तुम्ही? तुम्ही कशा आहात?"

नवीनं बरी आहे म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "साहेब, तुमचा मागचा उपदेश मला फार लागू पडला. आठवडाभर मी तेच करतेय. तुम्ही म्हणालात ना, देव सांदीत राहतो."

पाळकांच्या भुवया वर गेल्या. "कशात?"

"सांदीत."

"मी?" पाळक आठवू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग शोध, आणि मग हळूहळू उजेड पसरला. "अहो काकू... सान्निध्यात. आपला देव सान्निध्यात राहतो, असं म्हणालो होतो मी. म्हणजे आपल्या जवळ. सोबत. तो माइक... चूक माझीच. मी शब्दच असा जड घेतला."

नवीच्या कानशिलांतून वाफ निघाली. न्हाव्याच्या खुर्चीत हात घालून ती कुणाला विचारत होती? टॉफीच्या कागदांवरून कुणाबरोबर हसली होती? चुकीच्या ऐकलेल्या एका शब्दावर तिनं अख्खा आठवडा उभा केला होता, आणि तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

तेवढ्यात मशीनमागून एक आवाज आला. आधी वाटलं, वन्संना ठसका लागला. मग दिसलं, त्यांचे खांदे हलतायत. मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि मग काही धरबंधच राहिला नाही. भाऊ गेल्यापासून न हसलेलं सगळं एकदमच आलं.

"सांदीत!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तरीच! तरीच मी म्हणते, ही बया खुर्चीत कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटून का उभी असते! मला वाटलं, संधिवात आला."

"हसा," नवी म्हणाली. वन्सं हसतायत हे बघून तिलाही काय होतंय ते कळेना. "हसा तुम्ही. मी मूर्ख. आठवडाभर कुणाला हाका मारत होते कोण जाणे."

वन्संचं हसू ओसरलं. त्यांनी चष्मा लावला आणि नवीकडं नीट बघितलं, सुईत दोरा ओवताना बघत तसं.

"ते सोड," त्या म्हणाल्या. "तो आला का?"

"कोण?"

"ज्याला हाका मारत होतीस तो. आला का नाही?"

नवीनं पत्र्याच्या वाडग्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आला."

"मास्तर आले तेव्हा?"

"तुम्हालाही..."

"मला काही कळत नाही असं समजू नकोस. मग आता काय करणार आहेस? पत्ता चुकला म्हणून त्याला परत पाठवणार?"

पाळक काही बोलायला गेले आणि शहाण्यासारखे गप्प राहिले.

"अजून कुठं कुठं भेटला?" वन्संनी विचारलं. आता आवाजात थट्टा नव्हती.

"बऱ्याच ठिकाणी," नवी म्हणाली. "एक सोडून. एका जागी हात घालायचा धीर झाला नाही." तिनं स्टुलाकडं बघितलं. पाळक उठायला लागले, तसं तिनं हातानंच त्यांना बसवलं. "वन्सं, तो गेला तेव्हा ही जागा रिकामी झाली आणि मला वाटलं, आता ती तशीच राहणार. तुम्ही त्या बाजूला, मी या बाजूला. तुम्ही जाते म्हणालात, आणि माझ्या तोंडात चुका होत्या, आणि मी... मी तुमची मर्जी म्हणाले. ते खोटं होतं. माझी मर्जी तशी नाही. जाऊ नका."

वन्संनी खाली वाकून गोट उचलला आणि बोटाभोवती गुंडाळायला लागल्या.

"तुम्ही भावाच्या घरी नव्हतात," नवी म्हणाली. आता सुरुवात झालीच होती तर तिला थांबवेना. "मी आले तेव्हा हे घर तुमचं होतं. मला आत तुम्ही बोलावलंत. आता मी बोलावतेय, तर दारात काय उभ्या राहता?"

बराच वेळ गोट बोटावर फिरत राहिला. मग वन्संचे ओठ हलू लागले. प्रार्थना करतायत असं पाळकांना वाटलं आणि त्यांनी डोळे मिटले. पण नवीला ठाऊक होतं. वन्संची ती जुनी खोड. मनात काही मावेनासं झालं की त्या सरळ बोलत नसत, ओवी जुळवत. आणि खरंच त्यांनी खालच्या मानेनं, अर्धं गात नि अर्धं बोलत म्हटलं:

"देव आला माझ्या दारी, माझा हात कामामंदी,
म्हणे, नको उठू बाई, मला पुरे तुझी सांदी."

पाळकांनी डोळे उघडले. ते आता कोरडे राहिले नव्हते.

"काकू," ते वन्संना म्हणाले, "हे मी उद्या सांगू का? माझ्या सबंध उपदेशात जे सांगायचं होतं ते..."

"सांगा. पण खुर्चीचं सांगू नका," वन्सं म्हणाल्या. "नाहीतर सगळी मंडळी घरी जाऊन सोफे उसवेल, आणि मग ते सगळे आमच्याकडंच येतील. आम्ही दोघीच आहोत."

आम्ही दोघी. नवीनं ते ऐकलं आणि टेबलाच्या कडेला हात टेकला.

"मग," पाळकांनी घसा साफ केला, "प्रवासाची प्रार्थना...?"

"प्रवास कुणाला करायचाय?" वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला घरी जायचंय तेवढाच. पण आलाच आहात तर करा एक. तुमच्या मऊ आवाजात करा, इथं माइक नाही."

पाळकांनी मान खाली घातली. त्या स्टुलावर बसून ते जणू नेहमीचे शब्द एकेक करून बाजूला ठेवत होते. शेवटी म्हणाले, "प्रभू, तू इथं आहेस. या दोघींना ठाऊक आहे. मलाही आत्ता ठाऊक झालं. आमेन."

"आमेन," नवी म्हणाली.

"एवढीच?" वन्सं म्हणाल्या.

"एवढीच सुचली, काकू."

"बरी आहे. आता चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही."

चहा झाला, पाळक गेले, नवी कपबश्या घेऊन मागच्या खोलीत गेली. तिनं नळ सोडला आणि पुढून फोनवर वन्संचा आवाज ऐकू आला तसा पुन्हा बंद केला.

"अगं, नाही येत मी... हो, तिकीट काढलंय, मला ठाऊक आहे... मग खिडकीकडची खाट रिकामी केलीस तर तिच्यावर तूच झोप, वारा लागेल छान..." मधे बराच वेळ नुसतं हं, हं. पलीकडून मावसबहीण चांगलीच तापली असावी. "भांडली कसली? नाही भांडली. थांबा म्हणाली... हो, तोंडानं म्हणाली. पाळकांच्या समोर... अगं, वेळ लागला म्हणजे काय, तिच्या जागी मलाही वेळच लागला असता."

नवी ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. हातांवरचं पाणी पायांवर ठिबकत होतं.

"नवे!" पुढून हाक आली. "नळ बंद करून चोरून काय ऐकतेस? इकडं ये. हिला तुझ्याशी बोलायचंय. शिव्या द्यायच्या आहेत म्हणे, मला आयत्या वेळी फितवलं म्हणून."

नवीनं पदराला हात पुसले आणि शिव्या खायला बाहेर आली.